वीस इंचांचा आग्रह

अमरावतीत किंवा अकोल्यात मोठ्या गाडीचे टायर बदलायला जा. गाडी कुठल्या रस्त्यानं चालते, किती माणसं बसतात, शेतावर जाते का, यातलं काहीही कुणी विचारत नाही. दुकानदार गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि म्हणतो, “काय भाऊ, सतराचेच टाकता का? वीसचे टाका न, गाडी कशी भरून दिसते.” आपण नाही म्हटलं की तो आपल्यासोबत आलेल्या पोराकडे वळतो. पोरगं लगेच होकार देतं. मग गिऱ्हाईक एकटं पडतं आणि जे हवं ते मागण्यासाठी त्यालाच कारणं द्यावी लागतात. मला या गोष्टीचा मनापासून राग आहे, आणि तो का आहे ते सविस्तर लिहायचं ठरवलं आहे.

आमच्या घरी टोयोटा फॉर्च्युनर आहे, फक्त मागच्या चाकांना जोर देणारी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीनं स्टिकर लावलं आहे, त्यावर टायरचं माप आहे: 265/65 आर17. चारही चाकांना जोर असलेल्या फॉर्च्युनरला 265/60 आर18 येतो. 265 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे टायरची बाजू त्या रुंदीच्या 65 टक्के उंच. 17 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. शाळेतल्या गणितानं हिशोब करता येतो. पहिल्या चाकाचा पूर्ण व्यास 776 मिलिमीटर भरतो, दुसऱ्याचा 775. दुकानदार ज्याचा आग्रह धरतो त्या 20 इंची रिमवरच्या 265/50 टायरचा 773. म्हणजे चाक बाहेरून जवळपास तेवढंच राहतं. फरक पडतो तो बाजूच्या रबरात. 17 इंचीला 172 मिलिमीटर रबर असतं, 20 इंचीला 132. चाळीस मिलिमीटर रबर काढून घ्यायचं, तिथं धातू भरायचा, आणि वर जास्त पैसे मोजायचे, असा हा सौदा आहे.

हे रबर कशासाठी असतं, ते आपल्या भागात राहणाऱ्यानं तरी विसरू नये. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता कितीही नीट बांधला, तरी खालची जमीन हलत राहते. अमरावती–अकोला महामार्ग आज चांगला आहे. याच महामार्गावर जून 2022 मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अखंड टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता. मला त्याचा अभिमान आहे. पण आपलं सगळं आयुष्य महामार्गावर जात नाही. मूर्तिजापूरला खाली उतरा, दर्यापूरकडे वळा, परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात शिरा. तिथं उखडलेली गिट्टी आहे, रंग उडालेले गतिरोधक आहेत, पावसात पाण्याखाली लपलेले खड्डे आहेत. त्या खड्ड्याचा मार आधी टायरची बाजू खाते, मग रिम, मग सस्पेन्शन, आणि शेवटी मागच्या सीटवर बसलेली आई.

माझ्या मेव्हण्यानं त्याच्या 18 इंची चाकांच्या फॉर्च्युनरसाठी दुकानदाराचं ऐकलं. वीसचे टाकले, फोटो काढले, सगळ्यांनी कौतुक केलं. पहिल्याच पावसाळ्यात एका टायरच्या बाजूला फुगा आला. फुगा येतो तेव्हा आतले धागे तुटलेले असतात. त्याला पंक्चरसारखं ठिगळ चालत नाही, टायर फेकावाच लागतो. रिमही वाकली होती. ती ठोकून सरळ करून दिली, पण तेव्हापासून ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंगवाला दर वेळी नवी वजनं चिकटवतो. शिवाय त्या टायरवर भाराचा आकडा 107 होता, हे कुणी वाचलंच नव्हतं. 107 म्हणजे एका टायरला 975 किलो. मूळच्या 18 इंची टायरवर 110 असतो, म्हणजे 1,060 किलो. प्रत्येक चाकामागे 85 किलो कमी. सात माणसं, सामान आणि वर संत्र्याच्या दोन पेट्या घेऊन जाणाऱ्या गाडीला हा फरक लहान नाही. त्याच मापात जास्त भाराचा, एक्सएल लिहिलेला टायर मिळतो. तो मागावा लागतो, आणि मागण्यासाठी तो असतो हे माहीत असावं लागतं. ते सांगणं विकणाऱ्याचं काम आहे.

याच्या उलट दुसरा प्रकार आहे. रिम तीच, पण टायर रुंद. 18 इंचीवर 285/60 बसवून देतात. त्याचा व्यास 799 मिलिमीटर, मूळपेक्षा तीन टक्के जास्त. काटा 100 दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा तीन किलोमीटर जास्त वेगात असते, आणि किलोमीटरची नोंद तेवढीच कमी होते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतून घासण्याची भीती असते ती वेगळीच. हे सांगितलं की उत्तर येतं, “काही होत नाही भाऊ, सगळेच टाकतात.”

पुण्या-मुंबईहून जुन्या जर्मन गाड्या घेऊन येणाऱ्यांचं दुखणं याहून मोठं. बीएमडब्ल्यू एक्स5ला 21 इंची चाकं असली तर पुढं 275/40 आणि मागं 315/35 असे टायर येतात. पुढचे मागं नेता येत नाहीत, त्यामुळे चारही सारखे झिजवण्याचा उपाय संपला. बाजूचं रबर 110 मिलिमीटर. अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते. 2020 मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलले आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांना स्टेपनीतून सूट दिली. तिच्या जागी रनफ्लॅट टायर असतो. हवा गेल्यावरही तो साधारण 80 किलोमीटर चालतो, तेही ताशी 80च्या आत. अशा गाड्यांची शोरूमं नागपुरात, आणि अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर. अकोल्याचं तर विचारूच नका. त्यात जून 2020 मध्ये नव्या टायरांची आयात परवान्याखाली गेली. दुर्मिळ मापाचा टायर मागितला की इथं ऐकू येतं, “मालच नाही बापा, नागपूरहून बोलवा लागते.” चार दिवसांनी येतो तो वेगळ्या कंपनीचा, किंवा एकच. गाडी तोवर जॅकवर.

आणि कशासाठी? या टायरांवर वाय हे अक्षर असतं, म्हणजे ताशी 300 किलोमीटरची हमी. समृद्धी महामार्गावर कारला मर्यादा 120ची आहे. आमच्या टायरवरचा एच म्हणजे 210. तोही गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आहे.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो हवेच्या बाबतीत. मे महिन्यात अमरावती, अकोला, कुठल्याही पंपावर जा. हवा भरणारा सांगतो, “उन्हायात हवा कमीच ठेवा लागते, नाही तं टायर फुटते.” हे तो काळजीपोटी सांगतो, म्हणून त्याच्यावर ओरडवत नाही. पण हे साफ चुकीचं आहे आणि जिवावर बेतणारं आहे. हवा कमी असलेला टायर रस्त्यावर जास्त दबतो. प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू वाकते आणि सरळ होते, आणि त्या वाकण्यातून उष्णता तयार होते. वेग, भार आणि तापलेला रस्ता एकत्र आले की ती बाजू आतून सुटते. फुटण्याचं मोठं कारण हे आहे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की दाब एक पीएसआयनं वाढतो. पहाटे पंचवीस अंशांत नीट भरलेली हवा दुपारी पंचेचाळीसला तीन-चार पीएसआयनं वाढलेली दिसणारच, आणि गाडी धावून आली असेल तर आणखी थोडी. कंपनीनं हे धरूनच थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो. दुपारी गरम टायरमधली ही वाढ काढून टाकली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हवा कमी पडते, आणि तीच गाडी समृद्धीवर चढते.

अकोल्यात उन्हाची तीव्रता काय असते, ते नव्यानं सांगायला नको. मे 2024 मध्ये उष्णतेमुळे जिल्हा प्रशासनाला 144 कलम लावावं लागलं होतं. ज्या जिल्ह्यात उन्हासाठी जमावबंदी लागते, त्या जिल्ह्यात टायरच्या हवेचा साधा नियम प्रत्येक पंपावर पाटीवर लिहिलेला असायला हवा. तो मी कुठंच पाहिला नाही. 2023 मध्ये समृद्धीवर अपघात वाढल्यावर परिवहन विभागानं टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या. ते चांगलंच झालं. हवेचीही तशीच तपासणी व्हावी.

आणखी काही गोष्टी. टायरच्या बाजूला चार आकड्यांत बनावटीची तारीख असते, 1425 म्हणजे 2025चा चौदावा आठवडा. बऱ्याच टायरांवर ती एकाच बाजूला असते, आणि बसवताना ती बाजू आत गेली की पुन्हा दिसत नाही. म्हणून बसवण्याआधी वाचायची. वाचायला मागितलं की कपाळाला आठ्या पडतात. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागं टाकावेत, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी सावरता येत नाही. इथं ते न विचारता पुढं टाकतात. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे. “माल जुन्या भावातला आहे” हे कारण चालत नाही. कर विक्रीच्या दिवशीच्या दरानं लागतो, तेव्हा बिल मागा आणि दर वाचा.

आम्ही शेवटी 265/65 आर17 हेच घेतले. गाडी भरून दिसत नाही असं पोरगं अजून म्हणतं. दुकानदारांना माझी विनंती एवढीच आहे की टेपनं रिम मोजण्याआधी दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा आणि गिऱ्हाइकाला रस्ता विचारा. वाचकांनी मे महिन्यात हवा सकाळी, गाडी सुरू करण्याआधी तपासावी, आणि ती स्टिकरवरच्या आकड्याएवढी ठेवावी. कुणीही सांगितलं तरी त्याखाली नेऊ नये.