थोरली पाती, धाकटी पाती आणि साडेसोळा मिलिमीटर

बदनावरला रेल्वे येते ती कुरिअरवाल्याच्या मोटरसायकलवरून. खऱ्या गाडीत बसायचं तर रतलाम गाठावं लागतं. इंदूर-दाहोद मार्गाचं भूमिपूजन 2008 साली झालं, पण तो धार-झाबुआवरून जातो, आमच्या दारावरून नाही. जवळच्या भैंसोल्याला पीएम मित्र या कापड-उद्योगाच्या पार्कची पायाभरणी झाली, रस्ते रुंद झाले. रुळांचं नाव नाही. त्यामुळे गावात जे काही रूळ आहेत ते हौशी लोकांच्या घरी, प्लायवुडवर ठोकलेले. भांडणं मात्र ब्रॉडगेजची.

देवासला एकाच गावात दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. मॉडेल रेल्वेच्या हौसेतही तेच. थोरली पाती म्हणते, इंजिन घ्यावं ते जर्मनीचं, नाहीतर इंग्लंडचं. देशी माल म्हणजे जत्रेतलं खेळणं. धाकटी पाती म्हणते, आपल्या डब्ल्यूएपी-4 इंजिनाची आणि आपल्या निळ्या डब्यांची प्रतिकृती कुणीतरी करतंय हेच उपकार. त्यात खोट काढणारा घरभेदी. इंजिन रुळावर ठेवायच्या आधीच दोन्हीकडचा निकाल लागलेला असतो.

थोरल्या पातीचा आजार जुना. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर फिरणारी शिंद्यांची चांदीची आगगाडी प्रसिद्धच आहे. पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार घेऊन येणारी. त्या पंगतीत कुणी म्हणालं असेल का, की महाराज, वळणावर हिला जरा धक्का बसतो? यजमान राजे आणि ब्रँडी फुकट म्हटल्यावर परीक्षण तिथेच आटोपलं. होळकरांचा खाक्या वेगळा. तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोट रुपये दिले, तेही साडेचार टक्के व्याजानं. पैसा पदरचा असला की माणूस डोळे उघडे ठेवतो, असं यावरून वाटेल.

हौसेच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. 2020 साली खेळण्यांवरची आयात जकात 20 टक्क्यांवरून 60 वर गेली, 2023 मध्ये 70 वर. इतके पैसे मोजून आणलेल्या इंजिनाची मोटर कुरकुरते हे बायकोसमोर कबूल कोण करणार? किंमत जितकी जास्त, तितका दोष बारीक दिसतो. फुकट मिळालेल्या मालाची स्तुती करणारा निदान लाचेच्या बदल्यात खोटं बोलतो. हा स्वतःचे पैसे घालून बोलतो.

धाकट्या पातीची कथा माझ्या डोळ्यांदेखतची. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी देशी इंजिन मागवलं. रंग झकास, नंबराची पाटी सुबक. सांध्याशी आलं की पुढचं चाक वर चढायचं आणि इंजिन आडवं.

‘‘काका, चाक उतरतंय.’’

‘‘अरे बाबा, पहिल्या लॉटचा माल आहे. सांभाळून घ्यायचं असतं.’’

व्हर्नियर लावून पाहिलं. एका जोडीच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर साधारण साडेचौदा मिलिमीटर असायला हवं. ते 14 च्या आसपास घुटमळत होतं. सांध्याशी आतल्या बाजूनं जी आधाराची पट्टी असते, तिच्यावर चाक चढणारच. यात ना देशप्रेमाचा प्रश्न आहे ना देशद्रोहाचा, अर्ध्या मिलिमीटरचा आहे. काकांनी त्याच संध्याकाळी मित्रमंडळींना कळवलं, ‘‘अप्रतिम! प्रत्येकाच्या संग्रही हवंच.’’ लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आंबला तरी कुणी बोलत नाही, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच, की इथे मठ्ठ्याचे पैसे आपणच दिलेले असतात.

काकांचा युक्तिवाद ठरलेला. बाजार एवढासा, बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. टीका केली तर बिचारा दुकान बंद करेल. मला हे पटत नाही. चाक उतरतं हे पहिल्या दहा गिऱ्हाइकांनी सांगितलं तर अकराव्याचं चाक सुधारतं. न सांगितलं तर अकरावा गुपचूप थोरल्या पातीत जातो, आणि दुकान तरीही बंद पडतं.

मात्र टीका म्हणून काहीही ठोकायचं नाही. ‘भारतीय मॉडेलांखाली रूळ अरुंद दिसतात’ अशी तक्रार थोरली पाती नेहमी करते. खरं आहे. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचं. मॉडेलच्या 1:87 या प्रमाणात ते 87 ने भागलं तर रूळ 19.26 मिलिमीटरचे हवेत. बाजारात मिळतात साडेसोळाचे, म्हणजे 1435 मिलिमीटरच्या परदेशी गेजचे. पण हा दोष नाही, तडजोड आहे. वेगळे रूळ, वेगळे सांधे कोण करणार, आणि कोण विकत घेणार? इंग्रजांनी तर याहून कहर केला. त्यांची इंजिनं मुळात लहान, 1:87 मध्ये मोटर मावेना. म्हणून वरचा सांगाडा 1:76 चा केला आणि रूळ साडेसोळाचेच ठेवले. ज्यांना ते खुपलं त्यांनी 1960 च्या दशकात 18.83 मिलिमीटरचे रूळ घरी बसून बनवले. तडजोड खोक्यावर छापावी, दोष दुरुस्त करावा. दोन्ही पात्यांना हा फरक कळत नाही, कारण कळून घेतला तर भांडण कशावर करणार?

थोरल्या पातीनंही फार मिशीला पीळ देऊ नये. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं की ओतीव सांगाडा काही वर्षांनी फुगतो, तडकतो, हातात भुगा येतो. हे नामवंत इंग्रजी इंजिनांनाही झालंय. खोकं उघडताक्षणी लिहिलेल्या कौतुकात ते कसं दिसणार?

कायदा आहे म्हणा. 2022 च्या फसव्या जाहिरातींविरुद्धच्या नियमांप्रमाणे, शिफारस करणाऱ्याचं कंपनीशी काही लागेबांधे असतील तर ते उघड करावे लागतात. पहिल्या फसवणुकीला दहा लाखांपर्यंत दंड. पण तो नियम नटनट्यांना गाठतो. ‘‘बनवणारा आपलाच माणूस आहे हो’’ म्हणणाऱ्या काकांना कोण गाठणार?

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कुणी आपला माणूस म्हणून इंजिन गळ्यात मारायला आला, तर रंगाबद्दल काही विचारू नका. सुटी चाकं मिळतात का, एवढंच विचारा. मिळत असतील तर खुशाल घ्या, देशी असो की विलायती.