सुभद्रेचं स्थळ

मांजरी बुद्रुकचं नाव उसामुळे आणि द्राक्षांमुळे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथलीच, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथलंच. संगीत नाटकासाठी मात्र मांजरीकर बालगंधर्व रंगमंदिर गाठतात. गाव २०२१ साली महापालिकेत गेलं, तरी निघताना अजून 'पुण्याला जाऊन येतो' असंच म्हणतात.

तर अशाच एका घरातल्या मुलीनं आईवडिलांसाठी 'संगीत सौभद्र'ची तिकिटं काढली. पण मराठी घरातून नाटकाला दोघंच जातील, हे कसं शक्य आहे? आत्या निघाली, आत्याची भिशीतली मैत्रीण निघाली, निवृत्त तलाठी मामा तर आधीच झब्बा घालून बसले होते. माणसं वाढली तशी दुसरी गाडी लागली. ती चालवायला मुलीच्या ऑफिसातला एक 'मित्र' हजर झाला. या शब्दाकडे आईनं एकदा नीट पाहिलं आणि डबा भरायला घेतला.

हडपसर गाडीतळावर वाहनं हलेनात, तेव्हा प्रयोग गाडीतच सुरू झाला. आत्याला चाली पाठ, शब्द नाहीत. मामांना शब्द पाठ, चाल नाही. दोघं मिळून जेमतेम एक गायक होत होता. मधल्या वेळात मामांनी इतिहास काढला. १८ नोव्हेंबर १८८२ला पुण्यात 'सौभद्र' पहिल्यांदा झालं, तेव्हा तीनच अंक तयार होते.

"म्हणजे ट्रेलर," मित्र म्हणाला.

मामांना हा मुलगा तिथंच आवडला. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांनी महसूल खात्यात नोकरी केली होती, हे सांगताना तर मामांच्या आवाजात खातेनिहाय अभिमान होता. आत्याचं सासर वाघोलीचं. पहिला अर्जुन मोरोबा वाघोलीकरांनी केला म्हटल्यावर तिनं त्यांना सासरकडच्यांत जमा करून टाकलं. पुरावा आडनावाचा, तेवढा तिला पुरला. पहिली सुभद्रा मात्र भाऊराव कोल्हटकर, म्हणजे चक्क पुरुष. हे ऐकून भिशीवाल्या मैत्रिणीनं पदर सावरला.

तिसरी घंटा झाली, तबलजीनं हातोडीचे शेवटचे दोन ठोके मारले, ऑर्गनचा सूर भरला आणि नांदी सुरू झाली. आत्या लगेच गुणगुणू लागली. पुढच्या रांगेतून एक टक्कल मागे वळलं. आत्यानं त्याला चकली दिली. मूळ नाटकात शंभरावर पदं, त्यात वन्समोर, त्यामुळे एकेकाळी घरी जाईतो उजाडायचं. आता कात्री लागते, आणि ती लागते ते बरंच. शेवटी मांजरीला परतायचं असतं. तरी एका पदाला आत्यानं वन्समोर दिलाच, आणि गायकानं तो घेतला. त्या दुसऱ्या खेपेला त्यानं घेतलेली तान अशी काही उतरली, की मामासुद्धा शब्द विसरून गप्प बसले.

नाटकाचं कथानक म्हणजे निव्वळ घरगुती राजकारण. बहिणीला दुर्योधनाच्या घरी द्यायची, हे बलरामदादांनी परस्पर ठरवलेलं. तिचं मन अर्जुनावर. आणि अर्जुन संन्याशाच्या वेषात द्वारकेत. त्या संन्याशावर खूष होऊन त्याला घरी आणतात ते खुद्द दादाच. कृष्णाला सगळं ठाऊक, पण तो हसतो फक्त. देवादिकांच्या गोष्टीला मराठी माजघरात आणून बसवणं, ही किर्लोस्करांची खरी करामत. चालींइतकंच श्रेय या कामाला द्यायला हवं.

मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत मामा बलरामावर घसरले. "इतका कसा भोळा माणूस! नाकासमोर चाललंय ते दिसू नये?"

आईनं वड्याचा मोठा घास घेतला. मुलगी मिरचीकडे बघत राहिली. मित्रानं मामांसाठी चहा आणला, साखर कमी, न सांगता.

परतताना मामा हट्टानं त्याच्याच गाडीत पुढे बसले. मुलगा गुणी, गिअर बदललेला कळतसुद्धा नाही, असं त्यांनी मागे वळून सगळ्यांना दोनदा सांगितलं. मगरपट्ट्यापाशी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रविवारी जेवायलाच ये. हिच्यासाठी खराडीचं एक स्थळ आणलंय मी. पोरगा कसा वाटतो, ते तू सांग. तुझी पारख चांगली आहे."