पद्मिनीचे घाटारोहण

मलकापूर हे मुंबई–हावडा लोहमार्गावरील स्थानक असून जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बुलढाण्याला रेल्वे नसल्यामुळे, आगगाडी पकडण्यासाठी बुलढाणेकर घाट उतरून मलकापुरास येतात आणि सरकारी कामांसाठी मलकापूरकर तोच घाट चढून बुलढाण्यास जातात, अशी देवाणघेवाण या दोन गावांत दीर्घकाळ चालू आहे. सुमारे 45 किलोमीटरांच्या या रस्त्याचा दाताळा व मोताळा या गावांवरून जाणारा भाग बव्हंशी सपाट आहे. राजूरनंतर मात्र रस्ता अजिंठ्याच्या डोंगररांगेला भिडतो, आणि मलकापूर सोडल्यापासून एकूण साडेतीनशे मीटरांहून अधिक उंची गाठायची असते, त्यातील मोठा वाटा या राजूर घाटाचा असतो. जुन्या मोटारीचे इंजिन दुरुस्त करावे की बदलावे, या प्रश्नावर मलकापुरात चहाच्या टपरीवर अनेक वर्षे चर्चा होऊ शकते; घाटाला तेवढा वेळ नसतो.

प्रस्तुत विवेचनासाठी घेतलेली मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी होय. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी इटलीच्या फियाट 1100 या नमुन्यावरून तयार होत असे, म्हणून जुनी माणसे तिला आजही फियाटच म्हणतात. तिच्या इंजिनात चार सिलिंडर, म्हणजे आत दट्ट्या वरखाली होणाऱ्या चार नळ्या असून, प्रत्येक नळीचा व्यास 68 मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल 75 मिलिमीटर असल्याने चारींची मिळून क्षमता 1089 घनसेंटीमीटर, अर्थात सीसी, भरते. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर निवृत्त झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. खासगी मालकीची पद्मिनी ते न वाचता धावत राहिली.

तिला घाट चढावयास लावणारा खरा हेतू पर्यटनाचा नसून कायद्याचा असतो. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर 5 वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी 600 रुपये होते, ते 1 एप्रिल 2022 पासून 5000 रुपये झाले, वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2025 मध्ये आणखी वाढले, आणि शिवाय पर्यावरण कर वेगळा. एमएच 28 या क्रमांकाच्या गाड्यांचे परिवहन कार्यालय बुलढाण्यात असल्यामुळे, गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य आहे हे सिद्ध करण्यासाठी मलकापूरच्या मालकाला आधी ती घाटावर चालवून दाखवावी लागते, आणि तपासणी अधिकाऱ्याने काही पाहण्यापूर्वीच निम्मी परीक्षा रस्त्याने घेतलेली असते.

मोताळ्यापर्यंत पद्मिनी उत्तम चालते, आणि हीच मोठी अडचण होय. कारण सपाटीवर इंजिनाला आपल्या उरलेल्या बळाचा पुरता वापर करावा लागत नाही, झीज झाकली जाते, आणि गाडीमालकांना ‘इंजिन एक नंबर आहे, उगाच हात लावायचा नाही’ असे सांगण्यास भरपूर अवधी मिळतो. पुढच्या सलग बाकावर मालकांशेजारी जे मामा बसलेले असतात (अशा प्रवासात एक मामा असतातच) ते यावर काही बोलत नाहीत, फक्त पायाशी ठेवलेला पाण्याचा कॅन आणखी जवळ ओढून घेतात.

घाट लागताच सुकाणूचक्राखालचा हँड गिअर पहिल्यावर येतो, गाडीचा वेग माणसाच्या भरभर चालण्याइतका होतो आणि इंजिन मात्र जिवाच्या आकांताने फिरत राहते. त्यामुळे उष्णता भरपूर निर्माण होते, पण ती वाहून नेणारा समोरचा वारा मिळत नाही, आणि रेडिएटर, म्हणजे इंजिनात फिरणारे पाणी थंड करणारी जाळी, वाफ सोडू लागतो. गाडी थांबते, मुले उतरून मागच्या चाकाला दगड लावतात, आणि मामा तत्काळ रेडिएटरचे झाकण उघडण्यास सरसावतात. बंद झाकणाखाली दाब असल्याने आतील पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही, परंतु झाकण काढताक्षणी ते उसळून बाहेर येते, म्हणून इंजिन निवेपर्यंत थांबून ओल्या फडक्यानेच ते सोडावे लागते. हे सर्व मामांना ठाऊक असते, कारण त्यांचा उजवा हात मागे एकदा याच कारणाने भाजलेला असतो.

या सक्तीच्या विश्रांतीत धुराचा अभ्यास होतो. धूर काळा असेल तर पेट्रोल जादा जळते, दाट पांढरा असेल तर सिलिंडरांवरच्या झाकणाचे, म्हणजे हेडचे, पॅकिंग गेल्यामुळे पाणी सिलिंडरात शिरते, आणि निळसर असेल तर इंजिन ऑइल खाते, असे शास्त्र आहे. मालकांना धूर दिसतच नाही, मामांना तिन्ही रंग दिसतात, आणि मागून येणाऱ्या एसटीचा चालक खिडकीतून डोके काढून, बस न थांबवता, ‘रिंगा गेल्या भाऊ तिच्या!’ असा निर्णय देऊन निघून जातो. रिंगा म्हणजे दट्ट्याभोवतीची ती धातूची कडी, जी वरचा दाब खाली आणि खालचे ऑइल वर जाऊ देत नाहीत. चढावर सतत निळा धूर येत असेल तर दोष बहुधा रिंगांचा असतो. उतारावर पाय उचलून बराच वेळ गाडी सोडल्यानंतर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच धुराचा एकच लोट आला, तर ऑइल झडपेच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, गाइडमधून गळते असे समजावे. त्यामुळे जाताना एक आणि येताना दुसरे, अशी दोन्ही निदाने एकाच परतीच्या प्रवासात उरकतात, आणि हा लाभ सपाट तालुक्यांतील मोटारमालकांना मिळत नाही.

मलकापुरास परतल्यावर मिस्त्री स्पार्क प्लग काढून त्या छिद्रात दाबमापक लावतात, कमी दाब दाखवणाऱ्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकतात आणि पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा व बोअर, म्हणजे सिलिंडरचे आतले छिद्र, झिजले, न वाढला तर व्हॉल्व्ह. एवढे करूनही ते वाक्य एकच बोलतात, ‘खोलून पाहावं लागते, भाऊ.’ गाडीमालक यात लबाडी शोधतात, पण वाक्य खरे आहे. बंद इंजिनाचा खर्च बाहेरून सांगणाऱ्या मिस्त्रीपासूनच सावध राहावे.

इंजिन बांधणे, म्हणजे ते पूर्ण सोडवून झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडणे, या कामात लेथवाला सिलिंडर आतून कोरून किंचित मोठा करतो व त्यात त्याच मापाचा ओव्हरसाइज पिस्टन बसवतो. 68 मिलिमीटरांचा बोअर 69 वर नेला की 1089 सीसीचे इंजिन सुमारे 1122 सीसीचे होते. पद्मिनी उतारवयात वाढते, ही गोष्ट मालक पाहुण्यांना सांगतात, खर्चाचा आकडा सांगत नाहीत. कोरण्यास भिंत उरली नाही की लायनर नावाची नवी नळी ठोकून मूळ माप परत आणता येते.

इंजिन बदलण्याचा पक्ष मामांचा असतो. नवे इंजिन आता तयारच होत नसल्याने बदली इंजिन म्हणजे दुसऱ्याचे जुने इंजिन, आणि ते बहुधा मुंबईच्या भंगार बाजारातून, म्हणजे कित्येकदा जिथे जन्मले त्या कुर्ल्यातूनच यावयाचे. विक्रेत्याच्या सांगण्यानुसार ते नेहमी एखाद्या डॉक्टरांच्या गाडीतून निघालेले असते. मग हजारो टॅक्सींची इंजिने गेली कुठे, हा प्रश्न विचारणे शिष्टसंमत नाही. शिवाय कायद्याच्या लेखी मोटारीची ओळख चॅसिस क्रमांक व इंजिन क्रमांक या दोहोंनी ठरत असल्याने, बदललेल्या इंजिनाची नोंद प्रमाणपत्रात करून घ्यावी लागते, अन्यथा विम्याच्या दाव्याच्या वेळी तंटा उभा राहतो. आणि ती नोंद करणारे कार्यालयही घाटावरच आहे.

तेव्हा निकाल असा, की ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो बिडाचा मुख्य ओतीव भाग, तडकलेला नसेल आणि क्रँकला, म्हणजे दट्ट्यांनी फिरणाऱ्या दांड्याला, अजून एकदा घासण्याइतके माप उरले असेल, तर आपलेच इंजिन बांधून घ्यावे, कारण त्याचे दोष निदान माहितीतले असतात. ब्लॉकच गेला असेल तर मामांचे ऐकावे, पण इंजिन चालू करून, दाब मोजून आणि खरेदीची पावती घेऊनच. बांधलेल्या इंजिनाच्या नव्या रिंगा बोअरशी जुळेपर्यंत पहिले हजारएक किलोमीटर ते कमी वेगात, हलक्या भाराने चालवावयाचे असते, म्हणून त्या काळात गाडी नांदुऱ्याच्या सपाट रस्त्याने न्यावी, मामांना घरी ठेवावे, आणि परिवहन कार्यालयाची तारीख मध्येच आली तर ती पुढची मागून घ्यावी.