दोन पार्किंगमधली एक गाडी

22 एप्रिल 1959 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीनं आपली नवी गाडी लोकांपुढे आणली. नाव ट्रायम्फ हेराल्ड. नुसता पडदा सरकवून टाळ्या घेण्याऐवजी कंपनीनं एक शक्कल लढवली. गाडीचे मोठाले भाग मंचावर आणून ठेवले आणि कामगारांच्या एका तुकडीनं ते प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तीनेक मिनिटांत जोडून दाखवले. बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांच्या वाचनात हा किस्सा आला आणि तिथंच घात झाला.

त्यांना तीन मिनिटं लागली, तर आपल्याला फार तर गणपती ते दिवाळी, असा हिशेब या गृहस्थांनी मांडला. कोणत्या गणपतीपासून कोणत्या दिवाळीपर्यंत, हे आपण कधी बोललोच नव्हतो, असं आता ते म्हणतात. त्यांचं नाव इथं द्यायचं नाही, अशी त्यांच्या पत्नीची अट आहे. "माझ्या माहेरी अजून कुणाला माहीत नाही," एवढंच कारण त्यांनी दिलं. तेव्हा सगळी सोसायटी म्हणते तसं आपणही त्यांना काका म्हणू. काकांची हयात अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर गेली. त्यामुळे हात आणि डोळा, दोन्ही तयार. फक्त व्यवहारज्ञान तेवढं कंपनीनं फंडाबरोबर परत केलं नाही, असं काकू म्हणतात.

गाडी पुण्यातल्या एका बंगल्याच्या आवारात आंब्याखाली उभी होती. तिथून टेम्पोत घालून खोपोली-कर्जतमार्गे ती मांजर्लीत आली, तेव्हा वॉचमननं रजिस्टर पुढे करून विचारलं, "कोणत्या फ्लॅटचं सामान?"

"सामान नाही. स्पोर्ट्स कार आहे," काका म्हणाले.

आता हे जरा तपासून घ्यायला हवं. हेराल्ड भारतात 1961पासून मद्रासला बनू लागली. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीचा कारखाना वंडलूरला होता. त्या काळी गाडी घ्यायची म्हटलं की अँबेसिडर, फियाट आणि हेराल्ड, इतकीच निवड. हेराल्डला दारं दोन. मागे बसणाऱ्यानं पुढची सीट पाडून आत शिरायचं. एकत्र कुटुंबाच्या देशात हे फार दिवस चालणार नव्हतंच. पुढे खास भारतासाठी तिला चार दारं करावी लागली. काकांची गाडी मात्र दोन दारांची, आणि दोन दारं म्हणजे स्पोर्ट्स, हा त्यांचा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा वंशावळीचा, आणि तो खरोखरच वजनदार आहे. हेराल्डचं रूप इटलीतल्या तुरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी रेखाटलं. 1962 साली ट्रायम्फनं स्पिटफायर नावाची उघडी, देखणी, दोघांपुरती स्पोर्ट्स कार काढली, तीही मिकेलोत्तींचीच, आणि तिची चासी हेराल्डचीच कापून आखूड केलेली. म्हणजे हेराल्ड ही स्पोर्ट्स कारची सख्खी आई. आईला मुलीच्या नावानं ओळखायला हरकत काय, असं काका कट्ट्यावर विचारतात.

हरकत वेगाची आहे. 'द मोटर' या ब्रिटिश नियतकालिकानं 1959 साली 948 सीसीची हेराल्ड पळवून पाहिली. शून्यापासून ताशी 60 मैलांपर्यंत, म्हणजे साधारण 97 किलोमीटरपर्यंत पोचायला तिनं 31.1 सेकंद घेतले. एवढ्या वेळात बदलापूरचा माणूस लोकलमध्ये चढून, पिशवी रॅकवर टाकून, तिघांना सरकवून चौथी सीट मिळवतो आणि डोळेही मिटतो.

कट्ट्यावरच्या मित्रांचं म्हणणं सरळ होतं. जुन्या गाडीचीच हौस असेल तर फियाट घ्यायची! वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला, आपल्याच मध्य रेल्वेवर. तिथंच फियाट 1100 झाली, पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली, तिची काळी-पिवळी टॅक्सी झाली. ऑक्टोबर 2023च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, पण सुट्या भागांना अजून तोटा नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारात तासभर फिरलात तर पद्मिनीचं निम्मं अंग पिशवीतून घरी आणता येईल. हे सगळं काकांना पटतं. "पण फियाट उघडून वेगळी होत नाही हो," ते म्हणतात, आणि इथं त्यांच्या डोळ्यांत जी चमक येते ती पाहून काकू आत चहा टाकायला जातात.

हेराल्डची खरी गंमत या उघडण्यातच आहे. 1953 साली बॉडी बनवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेली. पुढे नव्या गाडीसाठी अख्खी बॉडी बनवून द्यायला कुणी मिळेना, तेव्हा ट्रायम्फनं चक्क काळाची पावलं उलटी टाकली. इतर कंपन्या एकसंध बॉडीकडे चालल्या असताना यांनी स्वतंत्र चासी घेतली, वेगवेगळ्या कारखान्यांतून वेगवेगळे भाग बनवून आणले आणि बोल्ट मारून त्या चासीवर बसवले. बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट अख्खंच्या अख्खं पुढे कलतं. टपसुद्धा बोल्टवर. थोडक्यात, नाइलाजानं जन्माला आलेली ही रचना पन्नास-साठ वर्षांनी हौशी माणसाच्या पथ्यावर पडली. हातात पाने असले की झालं.

पाने मात्र कोणते, हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी उभा राहिला. आपल्याकडे घरोघरी मिलिमीटरचे पाने. हेराल्डचे नट इंचाचे. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर 13चा पाना बसतो, पण किंचित सैल. हा किंचित सैलपणा फार घातक. नट आधीच गंजून जाम झालेला, त्यात पाना निसटला की नटाचे सहाही कोपरे गोल, आणि मग छिन्नी-हातोडी. बोल्टांची डोकी पाहून काकांना आधीच्या सगळ्या मेकॅनिकांचे स्वभाव कळले. एकानं तर बोल्टच्या जागी लाकडी स्क्रू पिळला होता. तो मात्र आजही घट्ट आहे.

बॉडी चासीवरून उचलायला माणसं हवी होती, आणि मांजर्लीत अशा कामाला माणसं हवीत तर गोविंदा पथकाला गाठायचं. थर लावायची सवय असलेली पोरं. दारं, बॉनेट, टप आधीच उतरलेलं. पोरांनी चार कोपऱ्यांना हात घातला, "बोल बजरंगबली की..." झालं आणि हेराल्डची बॉडी जय म्हणायच्या आत हवेत. आता ती ठेवायची कुठं? चासी काकांच्या पार्किंगमध्ये, म्हणून बॉडी शेजारच्या रिकाम्या जागेत टेकवली.

पुढच्या मासिक सभेत ऐनवेळच्या विषयांत सेक्रेटरींनी हा विषय घेतला. दोन जागा अडल्या आहेत, तेव्हा दोन गाड्यांचं पार्किंग शुल्क लागेल. काकांचं उत्तर असं की दोन्ही मिळून एकही गाडी होत नाही, तेव्हा शुल्क शून्य हवं. यावर बराच वेळ चर्चा झाली. पाण्याच्या टाकीचा विषय राहून गेला.

मग दुसरं प्रकरण उद्भवलं. गाडी जॅकवर चढवली की हेराल्डची मागची चाकं वज्रासनात बसल्यासारखी आत दुमडतात. स्विंग अॅक्सल नावाची रचना असते ती, चाकं लोंबकळली की असंच होतं. पण येणारा-जाणारा थांबून, "काका, मागचं मोडलं वाटतं," असं हळहळून जाऊ लागला. एका आजींनी तर दृष्ट काढायला सांगितली. काकांनी काढली नाही. काकूंनी काढली.

पुढच्या चाकांचा मामला याहून गंभीर. तिथं ट्रनियन नावाचा पितळी तुकडा असतो. चाक वळतं ते त्यात बसणाऱ्या पोलादी दांड्याच्या आट्यांवर. त्याला गिअर ऑइल लागतं. ग्रीस भरलं तर ते आट्यांत नीट पोचत नाही, आटे सुकतात, गंजतात, आणि एखाद्या वळणावर सांधा तुटून चाक गाडीखाली मुडपतं. जगभरचे हेराल्डवाले हे एक वाक्य जप करावा तसं घोकतात. काका मिस्त्रींना हे समजावायला गेले. मिस्त्री चाळीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस.

"काका, निप्पल दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग ग्रीस मारायचं. निप्पल देवानं कशाला दिलंय?"

काकांनी पुस्तक उघडून दाखवलं. मिस्त्रींनी पुस्तक बाजूला ठेवून ग्रीसगन उचलली. शेवटी काकांनी स्वतः रॉकेलनं जुनं ग्रीस धुऊन काढलं. आत काळ्या, वाळून कडक झालेल्या ग्रीसचा लपकाच निघाला. त्याखाली आट्यांवर लालसर गंज. काकांनी तो दांडा मिस्त्रींसमोर धरला. मिस्त्रींनी बोटानं गंज खरवडला, वास घेतला आणि म्हणाले, "ग्रीस हलकं वापरलंय कुणीतरी."

पावसाळा आला की मांजर्लीत सगळे विषय उल्हास नदीकडे वळतात. 26 जुलै 2005 आणि 27 जुलै 2019 या पुराच्या तारखा इथं कुणाला कॅलेंडर बघून सांगाव्या लागत नाहीत. दुसऱ्या खेपेला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. नदी वाढतेय अशी आवई उठली की लोक गाड्या काढून उंचावरच्या रस्त्यावर नेऊन लावतात. काकांच्या गाडीला चाकंच नव्हती. मग इंजिन गॅलरीत, गिअरबॉक्स टीव्हीखाली आणि कार्बोरेटर फ्रिजवर अशी बढती मिळाली. पुराची भीती ओसरली, बढत्या तशाच राहिल्या. "देव्हाऱ्यापाशी थोडी जागा आहे," काकू म्हणाल्या, "पण तिथं काही ठेवलंत तर बघा."

आता कागदपत्रं. जुलै 2021मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क 20 हजार रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. रोज वापरायला ती काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. काकांनी नियम वाचून इंधन भरण्यावर पेन्सिलनं खूण केली. एका वेळी अर्धा लिटरच भरायचं नाही, असं कुठं म्हटलेलं नाही.

अडचण 'मूळ स्वरूप' या दोन शब्दांत आहे. कुणाचं मूळ? रेखाटन तुरिनचं, इंजिन इंग्रजी वळणाचं, जुळणी मद्रासची. त्यावर मागच्या मालकांनी आपापल्या काळाची भर घातलेली: डायनॅमोच्या जागी मारुतीचा अल्टरनेटर, अँबेसिडरचा हॉर्न, कुठल्या तरी ट्रॅक्टरचा दिवा. लांबीचे थर खरवडताना खाली हिरवा, मग पांढरा, मग निळा रंग निघाला. भारतात जुनी गाडी दुरुस्त करणं म्हणजे एकापाठोपाठ एक जुगाड उपसत खाली जाणं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर यातले काही जुगाड मूळ मालापेक्षा सरस आहेत. अल्टरनेटर काढून पुन्हा डायनॅमो बसवणं हे शहाणपण नव्हे, निष्ठा आहे. काकांनी डायनॅमो बसवला आणि अल्टरनेटर माळ्यावर ठेवला.

सीटचं रेक्झिन आणि दारांचं रबर बीडिंग त्यांनी उल्हासनगरहून शिवून, कापून आणलं. दुकानदाराला कंपनीच्या रबराचा एक तुकडा नमुना म्हणून दाखवला. त्यानं तो दोन बोटांत दाबून पाहिला. "याच्यापेक्षा चांगला देतो. इम्पोर्टेड वाटेल. यूएसए." उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा हा विनोद या पट्ट्यात सगळ्यांना पाठ आहे, पण रबर खरंच चांगलं निघालं. पेट्रोलच्या नळ्या मात्र काकांनी मूळ हट्ट सोडून नव्या घातल्या. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही.

इंजिन यंदा सुरू झालं. गॅलरीत नव्हे, चासीवर. धूर दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला, एका घरातून खोकल्याचा आणि एका घरातून टाळ्यांचा आवाज आला. गोविंदाची पोरं धावत खाली आली. बॉडी परत बसवायची तर तीच हवीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा म्होरक्या गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला,

"काका, टप बोल्टवरच आहे ना?"

"आहे. का रे?"

"मग टप नाही लावायचा. यंदा बाप्पाची मिरवणूक हिच्यातून."

काकांनी नियमाचा कागद काढला. मिरवणूक प्रदर्शनात बसते की रॅलीत, यावर पोरं आणि काका बराच वेळ वाद घालत बसले. म्होरक्याचं मत पडलं, तांत्रिक संशोधनात बसवू. तेवढ्यात सेक्रेटरी जिन्यावरून उतरले. त्यांनी बॉडीकडे पाहिलं, चासीकडे पाहिलं, मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या टपाकडे पाहत पावतीपुस्तक उघडलं.

"म्हणजे गणपतीपर्यंत हे तिसरं पार्किंग धरायचं ना?"