जाड पत्र्याचा भरवसा

जबलपूरच्या गोहलपुरात जुनी जोंगा उभी दिसली की कुणीतरी तिच्या बोनेटवर थाप मारतोच. ‘पत्रा बघा! आजकालच्या गाड्या बोट लावलं की चेपतात.’ जबलपूरला हा अभिमान शोभतो. निस्सानच्या परवान्यावर जोंगा इथल्याच वाहन कारखान्यात बनली, १९६९ पासून जवळपास तीस वर्षं, आणि फौजेने ती मनसोक्त राबवली. ती गाडी मलाही आवडते. पण ‘घरच्यांसाठी घेतोय, सेफ आहे’ असं कुणी म्हणालं की गप्प बसवत नाही.

पत्रा चेपतो तो चेपावा म्हणूनच. धडकेत गाडी थांबते, आतली माणसं मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतात. नव्या गाडीचं नाक चुरडत जातं, त्यात थांबायला सेकंदाचा एक तुकडा जास्त मिळतो. तेवढ्यात पट्टा आणि एअरबॅग माणसाला आवरतात, आणि माणसांभोवतीचा सांगाडा शाबूत राहतो. जुन्या गाडीचं नाक असं ठरवून चुरडत नाही. धक्का थेट आत येतो, आणि आत असतो लोखंडी डॅशबोर्ड आणि छातीवर रोखलेला स्टिअरिंगचा दांडा. ‘एवढं ठोकलं पण गाडीला काही झालं नाही’ असं कौतुकाने सांगतात. बरगड्यांचं काय झालं ते आधी विचारावं.

अमेरिकेत २००९ साली हे करूनच बघितलं. १९५९ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ची शेव्हरले मालिबू, दोघी ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर. वजनं जवळपास सारखी, जुनी किंचित जडच. जुन्या गाडीत चालकाच्या जागी बसवलेला पुतळा ज्या अवस्थेत सापडला, त्यात माणूस जागच्या जागी गेला असता. नव्या गाडीतल्याच्या पायाला किरकोळ इजा.

वजनाला किंमत नाही असं नाही. बनावट सारखी असेल तर भारी गाडी हलकीला मागे ढकलते आणि हलकीतल्यांना जास्त लागतं. पण नागपूरच्या रस्त्यावर रात्री दिवे न लावता उभ्या ट्रकवर आदळलात, तर तुमचं वजन तुमच्याच अंगावर येतं.

आकारावरही जाऊ नका. एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत शून्य स्टार मिळाले, २०२१ मध्ये छोट्याशा टाटा पंचला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच. नवी म्हणजे चांगलीच, हेही खोटं: स्कॉर्पिओबरोबरच तेव्हाच्या नव्या क्विडलाही शून्यच होतं. म्हणून मॉडेलचं नाव घेऊन स्टार विचारा. सेल्समन मायलेज सांगायला लागला तरी पुन्हा विचारा.

आणि मागच्या सीटवरही पट्टा लावा. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा ते भल्याभक्कम मर्सिडीजमध्ये होते. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघे गेले, पुढचे दोघे वाचले.

जोंगा हौसेने ठेवा, रविवारी गावात फिरवा. पण मुलांना मागच्या बाकड्यावर बसवून तिच्यातून लखनादौनचा हायवे धरू नका. तिकडे कुणाच्या लग्नाला जायचंच असेल तर शेजाऱ्याची पंच मागा.