मंगळवारच्या टाकोचे शुद्धीकरण

अमेरिकेतील मध्यमवर्गीय कुटुंबात आठवड्यातून एका संध्याकाळी, बहुधा मंगळवारी, स्वयंपाक करणारी व्यक्ती स्वयंपाक अर्ध्यावर सोडते आणि उरलेला अर्धा खाणाऱ्यांच्या गळ्यात टाकते. या व्यवस्थेला तेथे टाको-रात्र असे म्हणतात. परतलेला खिमा, किसलेले चीज, चिरलेला टोमॅटो, सार क्रीम म्हणजे आंबवलेली दाट साय, आणि लेट्यूस नावाचा, चवीला बहुतांशी पाणीच असलेला पाला, हे सारे वेगवेगळ्या वाडग्यांत मांडून मधोमध टॉर्टियांची चळत ठेवली जाते. टॉर्टिया ही मक्याची किंवा गव्हाची पातळ पोळी असून ती दुमडून तिच्यात हवे ते भरले की टाको सिद्ध होतो. ही रचना लोकशाहीची असल्यामुळे लोकप्रिय आहे, आणि लोकशाहीची असल्यामुळेच ती सुधारणे महाकठीण आहे. वाढलेल्या पानात कशाचे प्रमाण किती हे वाढणारा हात ठरवतो. टाकोच्या बाबतीत तो अधिकार सात वर्षांच्या मुलाकडे जातो, आणि त्याच्या मते टाको म्हणजे चीज भरलेली पोळी होय. टाको-रात्र आरोग्यदायी करू पाहणाऱ्या बहुतेक पाककृती जिन्नसांचा विचार करतात, सत्तेचा करत नाहीत, हा त्यांच्यातील मूळ दोष आहे.

वास्तविक मेक्सिकोतील मूळ टाकोला सुधारण्यासारखे फारसे काही नव्हते. तेथे मका दळण्यापूर्वी तो चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि मग ओलाच वाटतात. या प्रक्रियेला निक्स्टमलीकरण असे नाव असून ती तीन हजार वर्षांहून जुनी आहे. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते, धान्यातील कॅल्शियम वाढते, आणि मक्यात बंदिस्त असलेले नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, शरीराला घेता येईल अशा स्थितीत मोकळे होते. कोलंबसानंतर मका युरोपात गेला; तो जहाजात चढला, चुन्याची कृती मात्र किनाऱ्यावरच राहिली. परिणामी उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा रोग पसरला, ज्यात कातडी भाजल्यासारखी होते, पोट बिघडते आणि अखेर बुद्धी भ्रमिष्ट होते. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने १९१४ पासून हा रोग संसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा आहे हे दाखवण्यास सुरुवात केली, तरी ते मान्य करायला तेथील विद्वानांना बराच काळ लागला. मेक्सिकोतील बायका हे न मांडताच हजारो वर्षे पाळत होत्या.

याच चुन्याने आणखी एक काम केले आहे, ज्याची जाणीव महाराष्ट्रातून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आजींना सर्वप्रथम होते. अमेरिकेतील एडिसन किंवा फ्रीमाँट येथील घरात पहिल्यांदा मक्याची टॉर्टिया हातात घेतल्यावर त्या ती उलटसुलट करून पाहतात, कडेने दुमडतात, सोडून पुन्हा दुमडतात आणि सुनेला विचारतात, "अगं, ही मोडत कशी नाही? आपली मक्याची भाकरी तर तव्यावरून उतरवतानाच चिरते." या प्रश्नाचे उत्तर असे की चुन्याने दाण्याची बाह्य भिंत विरघळून तिच्यातले चिकट द्रव्य पिठात उतरते, त्यामुळे पीठ एकमेकांना धरून राहते, साध्या मक्याच्या पिठाला ती सोय नसते. आजींचे यावर समाधान होते, परंतु पानाच्या डब्यातील चुना बायकोने एवढ्या मोठ्या कामी लावला असता, हा विचार मनात येऊन आजोबा अस्वस्थ होतात.

एवढी लवचिक पोळी हाताशी असताना अमेरिकेने ती कडक का केली, हा इतिहासातील एक उदास प्रश्न आहे. न्यू यॉर्कमध्ये उपाहारगृह चालवणाऱ्या हुवेन्सियो माल्डोनाडो यांनी टॉर्टिया इंग्रजी यू अक्षराच्या आकारात तळण्याच्या साच्याचे पेटंट १९५० मध्ये मिळवले, आणि ग्लेन बेल यांनी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील डाउनी येथे टाको बेलचे पहिले दुकान उघडून तळलेल्या कवचाला देशभर नेले. या कवचाची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. ते भरेपर्यंत उभे राहत नाही, भरल्यावर एका अंगाला कलते, आणि पहिला घास घेताच तळाशी उभी भेग पडून त्याचे दोन स्वतंत्र पापड होतात, ज्यांतील एक हातात राहतो व दुसरा भरणासह बशीत उतरतो. त्यानंतर जे खाल्ले जाते त्याला प्रामाणिकपणे चिवडा म्हणावे लागेल. मेक्सिकोचे पहिले अंतराळवीर रोडोल्फो नेरी वेला यांनी १९८५ मध्ये आपल्या यानात मऊ टॉर्टिया नेल्या आणि पावासारखा चुरा तिच्यातून उडत नाही हे पाहून नासाने पुढे ती आपल्या शिध्यात कायमची घेतली. चुरा नको म्हणून अंतराळात मऊ टॉर्टिया आणि पृथ्वीवर मात्र केवळ चुऱ्यासाठीच बनवल्यासारखे कवच, अशी ही वाटणी झाली. आरोग्याच्या दृष्टीनेही कवच तळलेले आणि मऊ टॉर्टिया भाजलेली. तेव्हा शुद्धीकरणाची पहिली पायरी कवच रद्द करणे ही होय, आणि तिला फरशी झाडणाऱ्याचा पाठिंबा निश्चित असतो.

परंतु सुधारक येथे थांबत नाहीत. कवच गेल्यावर त्यांची नजर मऊ टॉर्टियावरही जाते आणि ते तिच्या जागी लेट्यूसचे पान सुचवतात. सहा इंची मक्याच्या टॉर्टियात अवघ्या ५० ते ६० किलोकॅलरी असतात हे ध्यानात घेतले तर या त्यागातून हाती काय लागते हे कळणे कठीण जाते. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ मात्र नक्की येतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण ज्याने रचली त्याने पानात गुंडाळलेला टाको पाहिला नसावा, पण त्याचा स्वभाव त्याला ठाऊक होता. येथील रेडा म्हणजे मसाल्याचे पाकीट. बाजारातील टाको-मसाल्याच्या सुमारे २८ ग्रॅमच्या पाकिटात मिरची आणि जिरे असतात हे खरे, परंतु त्यांच्या सोबतीला मीठ, साखर, स्टार्च आणि माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली एक बेचव भुकटी, अशी मंडळी दाटीने बसलेली असतात. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात २३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. नेहमीच्या पुष्कळ पाकिटांत तेवढे किंवा त्याच्या आसपास एकट्यातच असते. लेबलावर मात्र ते सहा जणांत वाटून दाखवलेले असते, आणि हे सहा जण प्रत्येकी दोनच चमचे मसाला खाऊन समाधानाने उठतील असे गृहीत धरलेले असते. ज्या घरात मिसळणाचा डबा आहे, त्या घराने हे पाकीट विकत आणणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. जिरे भाजून कुटावे, मिरचीपूड, लसूण आणि चिमूटभर ओवा घालावा, मीठ शेवटी आणि चाखून टाकावे. पाकिटाचा सुगंध याहून फारसा निराळा नसतो. मूळच्या मसाल्यातील ओरेगॅनो या सुगंधी पाल्याची जागा ओवा तंतोतंत घेत नाही, परंतु ही तक्रार करणारा टाको-रात्रीला सहसा जेवायला नसतो.

खिम्याचा प्रश्न मराठी घरात बऱ्याच अंशी आपोआप सुटतो, आणि याचे श्रेय आहारतज्ज्ञांना देता येत नाही. मंगळवारच्या टाकोला इंग्रजीत 'टाको ट्यूज्डे' म्हणतात. या शब्दप्रयोगाची व्यापारचिन्ह म्हणून, म्हणजे व्यवसायात इतर कोणी वापरू नये अशा हक्काने, टाको जॉन्स या वायोमिंग राज्यातील उपाहारगृहसाखळीने १९८९ मध्ये नोंदणी करून घेतली होती; एकट्या न्यू जर्सीत हा हक्क सोमर्स पॉइंट येथील ग्रेगरीज या उपाहारगृहाकडे होता. टाको बेलने २०२३ मध्ये दोघांविरुद्ध अर्ज केल्यावर टाको जॉन्सने जुलैत हक्क सोडला, ग्रेगरीजने ऑक्टोबरपर्यंत धरून ठेवला. म्हणजे मराठी माणसांची मोठी वस्ती असलेल्या राज्यातला मंगळवार सर्वांत शेवटी मोकळा झाला. तथापि तो खऱ्या अर्थाने मोकळा झालाच नाही, कारण त्यावर एक जुनी नोंदणी आहे. मंगळवार हा गणपतीचा वार असून ज्या घरांत तो पाळला जातो तेथे खिमा शिजत नाही, मग शाळेतून आलेल्या मुलाने कितीही दाखले दिले तरी. अशा घरांत संपृक्त चरबी कमी करण्याचे व्याख्यान द्यावे लागत नाही. गजाननाकडे बोट दाखवले की राजमा चढतो. अंगारकी चतुर्थी आली तर टॉर्टियाही बाद होते, कारण मका उपवासाला चालत नाही. चालते ते काय, तर राजगिरा, बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची आणि कसाव्याच्या कंदापासून केलेला साबुदाणा. हे सारे अमेरिका खंडातूनच भारतात आले असून त्यांतील राजगिऱ्याला मेक्सिकोत अॅझ्टेकांच्या काळी धार्मिक मान होता. अंगारकीला टाको नाकारून मराठी कुटुंब चंद्रोदयापर्यंत जे खाते, ते त्या टाकोचेच चुलत भाऊबंद असतात.

राजम्याकडे तडजोड म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. मक्यातील प्रथिनांत लायसिन हा घटक उणा असतो आणि शेंगवर्गीय धान्यांत तो भरपूर असतो, उलट शेंगवर्गात मेथिओनिन कमी पडते ते मका पुरवतो. त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्ली की प्रथिनांची जोडी जमते, आणि शिवाय खिम्यात औषधालाही नसलेला तंतुमय भाग मिळतो. राजमा स्वतः त्याच भूमीतला आहे, आणि साताऱ्याच्या कोरेगाव भागात पिकणारा वाघ्या घेवडा हा त्याचा सख्खा नातेवाईक, तेव्हा आजींच्या बॅगेतून आलेला घेवडा टाकोत गेला तर तो माहेरी गेला असे समजावे. रात्री भिजत घालून कुकरमध्ये मऊ शिजवावा, लसणाच्या फोडणीवर थोडा ठेचावा. डब्यातला वापरायचा असेल तर चाळणीत धुऊन घ्यावा, म्हणजे मिठाचा बराच भाग नळाखाली निघून जातो. ज्यांना मांसाहाराचा वार आहे त्यांनी निम्मा खिमा आणि निम्मा राजमा एकत्र परतावा; मसाला ठीक असेल तर मुलांना फरक कळत नाही, आणि कळला तरी तोवर दुसरा टाको संपलेला असतो.

सार क्रीमची गोष्ट थोडक्यात आटोपता येते: अमेरिकी मानकानुसार त्यात किमान १८ टक्के दुग्धस्निग्धांश असावा लागतो, आणि कमी चरबीच्या दह्याचा चक्का लिंबू पिळून घोटला की त्याची उणीव भासत नाही, फक्त श्रीखंडाची आशा लावून बसलेल्यांची निराशा होते. ग्वाकामोले, म्हणजे कांदा, मिरची, कोथिंबीर घालून कुस्करलेला अवोकाडो, याविषयी मात्र सावधगिरीने बोलावे लागेल. त्यातील स्निग्धांश चांगल्या जातीचा आहे यात शंका नाही, परंतु एका मध्यम फळात २५० ते ३०० किलोकॅलरी असतात आणि घरातील जो सदस्य चीजकडे तुच्छतेने पाहतो तोच हे वाडगे एकट्याने पुसून काढतो, वर आरोग्याचे पुण्यही पदरात पाडून घेतो.

आता सत्तेचा प्रश्न. मेजावर काय ठेवायचे एवढेच स्वयंपाक करणाऱ्याच्या हाती उरत असल्यामुळे ते कोठे आणि कोणत्या चमच्यासह ठेवायचे यावरच सारी सुधारणा अवलंबून आहे. टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर यांचा कच्चा साल्सा आणि लिंबू पिळलेला बारीक कोबी मोठ्या वाडग्यांत, पळीसह आणि हाताच्या टप्प्यात असावा. राजमा मध्यभागी असावा. चक्क्यात चहाचा चमचा असावा, कारण डाव ठेवला तर माणूस डावानेच घेतो. आरोग्याविषयी जेवताना एक शब्दही काढू नये, कारण 'पौष्टिक' हा शब्द ऐकताच मुलांचीच नव्हे तर मोठ्यांचीही भूक मरते. राहता राहिले चीज. मूठभर किसात, म्हणजे सुमारे २८ ग्रॅममध्ये, ११० च्या वर किलोकॅलरी असतात, आणि पिशवीतून आयता किसलेला मिळाला की टाकोत त्याचे नाकापेक्षा मोती जड होते. यावर बंदी घालण्याचा उपाय आजवर कोणत्याही घरात टिकलेला नाही. तेव्हा गृहिणींनी आणि गृहस्थांनी एवढेच करावे: किसलेले चीज आणणे बंद करून ठोकळा आणावा, तो किसणीसह मेजावर ठेवावा, आणि ज्याला जितके हवे तितके त्याने स्वतः किसून घ्यावे.