सुतकाचा सिनेमा अन् लाह्यांचा भाव

"पोरानं सिनेमाला नेलतं बाई. चौघांचं तिकीट अन् वरचं खाणं, तेवढ्यात आपला महिन्याचा किराणा झाला असता."

शेजारची अक्का पुण्याहून रात्री आली आणि सकाळी मधल्या भिंतीवर सतरंजी वाळत टाकता टाकता सुरूच झाली. मी अंबाडी निवडत बसले होते.

"कोणता वो अक्का?"

"साबर बोंडं."

नाव पेपरात वाचलेलं. रोहन कानवडेंचा हा पहिलाच मोठा सिनेमा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सनडान्सच्या महोत्सवात परदेशी सिनेमांच्या गटातलं सगळ्यात मोठं बक्षीस त्याला मिळालं. एवढा गाजलेला सिनेमा आपल्याकडं लागला १९ सप्टेंबरला, ऐन पितृपंधरवड्यात. अन् गोष्ट काय, तर सुतकाची!

"सुतक मात्र बरोबर दाखवलंय," अक्का म्हणाली. "बाप गेला म्हणून पोरगा मुंबईहून गावाकडं येतो. दहा दिवस पायात काही नाही. भावकी येती, बसती, अन् बापाचं राहिलं बाजूला, ह्याचं लगीन कामून झालं नाही म्हणून टोकरत राहती. आपल्यातल्यासारखंच सगळं."

"मग आवडला म्हणा की."

"थांब की. गाणं नाही, वाजंत्री नाही. शेजारचा लाह्या खायलाय, तेवढाच आवाज. सून डोळे पुसायली, पोरगा मोबाईल बघायला, अन् आमच्या ह्यांनी मध्यंतराच्या आतच घोरायला सुरुवात केली. दुसऱ्याला वाटलं असंल, सिनेमातच कुणी घोरायलंय."

तेवढ्यात गोठ्याकडून अक्काच्या नवऱ्याचा, तात्यांचा, आवाज आला. "बक्षीस देणाऱ्याला आपलं गाव काय कळतंय? दोन गडी एकमेकांना जीव लावतेत, हे काय दाखवायचं असतंय का?"

"तुम्ही बघितला का?" अक्का फिरली. "झोपल्या माणसानं बोलू नये."

मग भिंतीवर कोपर टेकवून ती हळू आवाजात म्हणाली, "मला बी आधी कसंतरीच झालं, खोटं कशाला बोलू. पण त्याची माय बघ. तिला सगळं ठावं असतंय. बापाला बी ठावं होतं. ती आदळआपट करीत नाही, छाती पिटत नाही. भावकीला काय सांगायचं ते सांगती अन् पोराला जपती. तेवढी बाई बघायला पैसे गेले असं मी धरलंय. लाह्यांचे मात्र धरलेले नाहीत."

लाह्यांवरून मला बातमी आठवली. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं खुलासा केला होता: तेव्हा सुट्या खारट पॉपकॉर्नवर ५ टक्के, पाकीटबंद असले तर १२ आणि साखरेच्या पाकातले असले तर १८.

"म्हंजे ऊस आपल्या बीडच्या माणसानं तोडायचा, अन् साखर लागली की कर वाढला!" अक्का हसली. तिचा दीर दरसाल कोयता घेऊन जातो.

"तिकिटाचं बी तसंच. शंभराच्या आतलं असलं तर २२ सप्टेंबरपासून १२ चं ५ टक्के झालंय. वरच्याला १८ च."

"शंभराच्या आतलं पुण्यात दाखव मला. त्यात यंदा सोयाबीन पाण्यात गेलेलं."

खरं तर आमच्या गल्लीला सिनेमावरून भांडायची सवय आहे. 'सैराट' लागला २९ एप्रिल २०१६ ला. काय उन्हाळा होता तो! लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं, आणि ऊसतोडीची माणसं नुकतीच परतली होती. प्यायला पाणी नव्हतं, पण जीप भरभरून परळीला जायल्या. सिनेमानं शंभर कोटींच्या आसपास गल्ला केला म्हणतात, त्यातले चार पैसे आमच्या सिरसाळ्याचे असणारच. त्यानंतर महिनाभर निम्मी गल्ली म्हणायची, ह्यानं पोरी पळून जातील. निम्मी म्हणायची, शेवट बघून एक बी पळणार नाही. आमच्या घरात सासूबाई एका बाजूला, मी दुसऱ्या. कुणी हरलं नाही, पण सिनेमा सगळ्यांनी पाहिला होता म्हणून भांडणाला मजा होती. 'साबर बोंडं'वर भांडायला अख्ख्या गल्लीत अक्का एकटीच. तात्या धरले तर दीड माणूस.

"सैराटात गाणी तरी होती," अक्का म्हणाली.

"शेवटाला कुठं होती? ते लेकरू दारातून बाहेर येतंय तेव्हा वाजंत्री होती का?"

अक्का गप्प झाली. सतरंजीचा कोपरा नीट केला. "नव्हती. ध्यानातच आलं नव्हतं माझ्या." आणि लगेच, "पण तवा तिकीट साठ-सत्तरचं होतं. एवढं देऊन गप्प बसायचं म्हणजे जिवावर येतं."

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. एका खेपेला एवढे पैसे मोजलेला माणूस बक्षीस बघत नाही, वसुली बघतो. तात्यांनाच नावं कशाला ठेवायची? परळीतच ऐंशी रुपयांत लागला असता तर ते पुन्हा गेले असते, आणि कदाचित जागेही राहिले असते.

"मोबाईलवर आला की बघू आपण दोघी," मी म्हणाले.

"बघू. पण ह्यांना आवाज देऊ नको."

एवढ्यात तात्या वैरणीचा भारा टेकवून भिंतीपाशी आले. इकडंतिकडं बघून म्हणाले, "काय गं, शेवटी झालं काय त्या दोघांचं?"

"तिकीट काढा," अक्का म्हणाली आणि आत गेली.